शॉर्ट सर्किटआधीची आकडेमोड

महोदय,

मुंबईत एखाद्या घराला किंवा दुकानाला आग लागली की 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य बातमीत ठरल्यासारखे येते. ते चुकीचेच असते असे नाही. मात्र त्यामुळे एमसीबी (शॉर्ट सर्किट झाले किंवा धारा जादा झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवला की आपण सुरक्षित झालो, अशी समजूत होते. प्रत्यक्षात पुष्कळदा एखादा सैल सांधा कित्येक महिने तापत असतो आणि ते तापणे शाळेतल्या गणिताने आधीच ओळखता येते.

व्होल्टेजला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि गुणले की शक्ती. 230 व्होल्टवर चालणारा 2000 वॉटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण 26.5 ओहम असतो. आता सॉकेटमधला स्क्रू सैल झाल्याने तेवढ्या एका जागी अर्धा ओहम रोध वाढला असे समजू. धारा 8.5 अँपिअरवर येईल आणि धारेच्या वर्गाला रोधाने गुणले असता त्या सांध्यात सुमारे 36 वॉट उष्णता निर्माण होईल. कथिल वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात काय चालले असेल याची कल्पना येते. मुख्य म्हणजे धारा वाढलेली नसून किंचित घटलेली असल्यामुळे एमसीबी पडत नाही. जमिनीकडे गळती नसल्याने आरसीसीबीही (धारेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) गप्प राहतो आणि पाणी मात्र नेहमीसारखे तापते.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनल गंजतात. जुन्या चाळींमध्ये अजून कुठे कुठे अॅल्युमिनियमची वायर आहे. तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि मऊ धातू स्क्रूखाली दबून सांधा ढिला होतो.

यावर उपाय खर्चिक नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने गीझर चालू असताना मुख्य बोर्डावरचे आणि सॉकेटवरचे व्होल्टेज मोजावे, वायरभोवती चिमट्यासारख्या बसणाऱ्या क्लॅम्प मीटरने धारा पाहावी आणि दोन व्होल्टेजमधल्या फरकाला धारेने भागावे. फरक 10 व्होल्टचा निघाला तर वाटेतला रोध 1.2 ओहमच्या आसपास आहे आणि सुमारे 83 वॉट वाटेतच खर्च होत आहेत. लांब वायरवर ही उष्णता विखुरली असेल तर चिंता कमी. एकाच सांध्यात असेल तर मात्र तो तत्काळ बदलावा. (पंखा किंवा फ्रिज लावून हा हिशेब करू नये, मोटरच्या बाबतीत पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज आणि धारा यांच्या चढउतारातला कालभेद, आड येतो.) वीज बंद करून वायरिंगला नुसता मल्टिमीटर लावून भागत नाही, कारण सैल सांधा थंड असताना अनेकदा निर्दोष दिसतो.

वीज बेस्टची असो, टाटा, अदानी किंवा महावितरणची. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची. 2006 च्या राज्य कायद्यानुसार इमारतींना अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याच सुमारास गृहनिर्माण संस्थांनी प्रत्येक घरातील गीझर आणि एसीच्या सॉकेटची तपासणी करवून या मोजमापाची नोंदवही ठेवावी, आणि वृत्तपत्रांनी आगीच्या बातमीत तपासाचा अंतिम निष्कर्षही छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, दादर, मुंबई