पित्ताच्या रुग्णांशी बसून बोलणारी सिस्टर हवी : इचलकरंजीकरांना आवाहन

कारखानदार, खर्चीवाले (मजुरीवर कापड विणून देणारे), मागावरचे आणि सायझिंगमधले (सुताला खळ लावणारे) कामगार, कांडीवाल्या बहिणी, गल्लीतले दुकानदार आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेले आपले इचलकरंजीकर, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या हॉलमध्ये गेली तीन वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मोफत दवाखाना चालतो. डॉक्टर स्वतःचा दवाखाना आटोपून येतात, एक पैसा घेत नाहीत. दोन-अडीच तासांत साठ-सत्तर माणसं तपासायची म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या रांगेत एक तक्रार दर शनिवारी ठरलेली : पित्त. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, झोपेत ठसका लागून दचकून उठणं. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि महिन्याने तोच माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत उभा असतो. या माणसांजवळ बसून, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारून, आजार कसा सांभाळायचा हे शिकवणारी एक प्रशिक्षित नर्स वर्षभरासाठी नेमायचं मंडळाने ठरवलं आहे. त्यासाठी आपल्याकडे हात पसरतो आहोत.

हे लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी त्याच रांगेतला. बावीस वर्षं माग चालवला, त्यातली बहुतेक रात्रपाळी. सहा वर्षं पित्ताची गोळी घेत होतो. जाईन तिथे विचारायचे, "गोळी चालू आहे ना?" मी म्हणायचो, "आहे." ती कधी घेतोस, हे मात्र सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. पाळीवरून आलो की भाकरी खायची आणि अंथरुणावर पडताना गोळी, असा माझा क्रम. जळजळ पडल्यावर व्हायची, म्हणून गोळीही तेव्हाच. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांच्या मदतीला एक सिस्टर आल्या होत्या. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "दादा, गोळी जेवायच्या आधी घेता का नंतर?" आणि माझं उत्तर ऐकून मला बाजूच्या बाकावर बसवून घेतलं.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप बंद करतात. पण चालू असलेल्या पंपालाच गोळी धरते, आणि पंप जोरात चालू होतात ते पोटात घास गेल्यावर. म्हणजे त्या वेळी औषध रक्तात आधीच पोचलेलं हवं. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची ती यासाठी. चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची. मी सहा वर्षं पैसे मोजून घेतलेल्या गोळीचं निम्मं काम वाया घालवत होतो, आणि सांगणारं कुणी नव्हतं. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून माझी गोळी पाळी सुटायच्या वेळेवर आणली. समजावून झाल्यावर म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, उद्या काय करणार?" मी चुकलो, त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी सलग पाच तास झोपलो.

त्या बाकावरच्या वीस मिनिटांसाठी हे सगळं आवाहन आहे.

पित्ताचा सल्ला तसा सगळ्यांना पाठ असतो. रात्री लवकर जेवा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. सल्ला खरा आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. ते सैल पडलं की जठरातलं आम्ल वर येतं, आणि भरल्या पोटी आडवं झालं की त्याला वाटच मिळते. पण १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाची झोप मागाच्या पाळीवर बेतलेली आहे. बारा तास उभं राहून आलेला माणूस सकाळी आठला जेवतो आणि साडेआठला झोपतो. एका खोलीत सहा जण असतील तर जागा रिकामी असते तेव्हाच झोपावं लागतं. त्याला "रात्री आठच्या आत जेवा" सांगून काय उपयोग? त्याचं मुख्य जेवण पाळीच्या मधल्या सुट्टीत आणायचं, घरी आल्यावर थोडंच खायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, जेवल्या जेवल्या सुताचा जड बीम उचलायला वाकायचं नाही, हे त्याच्या पाळीचं घड्याळ समोर ठेवूनच ठरवावं लागतं. कांडी भरणाऱ्या बाईला परकराची नाडी जरा सैल बांधायला सांगणं ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण दिवसभर बसून काम करताना आवळलेली नाडी पोटावर दाब आणते. हे बाईच बाईला विचारू शकते.

आणखी एक अडचण आपल्या बोलण्यातच आहे. आपण "पित्त" या एका शब्दात किती आजार कोंबतो! डोकं ठणकून उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. जळजळ झाली तरी पित्तच. अर्धशिशी निराळी, गांधी निराळ्या आणि घशाशी येणारं आम्ल निराळं. यकृतात तयार होणारं हिरवट पित्त तर आणखी वेगळं. माणूस "पित्त झालंय" म्हणाला की कुठलं, हे काढून घ्यायलाच पाच मिनिटं जातात. पुष्कळ जण सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त पाडतात आणि त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण दरवेळी तेच आम्ल अन्ननलिकेला आणि दातांना भाजत वर येतं. हे रागावून सुटत नाही. समोर बसून, चित्र काढून दाखवलं की सुटतं.

रागावण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. खर्डा बंद, रस्सा बंद, चहा बंद अशी यादी हातात दिली की माणूस पुन्हा येत नाही. सगळ्यांना सगळं बाधत नाही. कुणाला कोरा चहा चालत नाही, कुणाला तळलेलं, कुणाला रिकाम्या पोटी मिसळ. दोन आठवडे वहीत लिहून काढलं की ज्याचं त्याला कळतं. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा नुसत्या पथ्याच्या यादीने पडत नाही. मावा मात्र सुटायलाच हवा. तंबाखूने ते कडं सैल पडतं. शिवाय मावा तोंडाचं, घशाचं, अन्ननलिकेचं पुढे काय करतो, हे आपण आपल्याच गल्लीत पाहिलं आहे. मावा सोडवणं एका भेटीत होत नाही, त्यासाठी तेच माणूस पुन्हा पुन्हा भेटावं लागतं.

आणि ज्या कारणाने मला हे काम तातडीचं वाटतं ते असं. प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. आमच्या ओळखीतल्या एका मावशींचे गुडघे दुखायचे. त्या मेडिकलमधून वेदनेची गोळी आणून रोज खायच्या आणि पोट जळतं म्हणून वरून पित्ताची. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते त्यांनी लाजेने कुणाला सांगितलं नाही. सिस्टरांनी आडोशाला घेऊन विचारलं, तेव्हा त्या बोलल्या. त्याच संध्याकाळी त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. पोटात अल्सर होऊन रक्त जात होतं. आज त्या बऱ्या आहेत आणि त्यांनीच हे लिहायला सांगितलं आहे.

नर्स नेमली जाईपर्यंत निदान एवढं तरी घराघरात पोचू द्या. घास अडकत असेल किंवा गिळताना दुखत असेल, न ठरवता वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी असेल, उलट्या थांबत नसतील, तर पित्ताच्या गोळीवर दिवस काढू नका, डॉक्टर गाठा. छातीवर दाब आल्यासारखं वाटलं, घाम फुटला, कळ दंडात किंवा जबड्यात गेली, चालताना दम लागला, तर सोडा-इनो पिऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी रोज इनो घेणंही बरं नव्हे, त्यात सोडियम असतं. बरेच दिवस चालू असलेली पित्ताची गोळीही मनाने एकदम तोडू नका. आम्ल काही दिवस उसळून येतं आणि माणूस घाबरून दुप्पट घ्यायला लागतो. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून.

रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णाला आता सरकारी दवाखान्यात कार्ड मिळतं, पुढची तारीख मिळते, आशाताई घरी येऊन विचारतात. पित्ताने वर्षानुवर्षं झोप गेलेल्या माणसामागे असं कुणी येत नाही. त्याने जीव जात नाही, असं सगळेच धरून चालतात. पण झोप न झालेला माणूस चालत्या मागासमोर बारा तास उभा असतो, हेही आपण सगळे जाणतो.

आता अंथरुणाची गोष्ट. घशाशी येणं थांबवायला पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलायची, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे लावायचे, असं सांगतात. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, मान वर होते आणि पोट दुमडतं. पण आपल्या निम्म्या लोकांकडे पलंग नाही, ते जमिनीवर झोपतात. यावर महिला मंडळातल्या बहिणींनी तोड काढली : मागावरचं वाया गेलेलं सूत आणि चिंध्या दाबून भरलेली उतरती गादी. डोक्याकडे उंच, कमरेपर्यंत उतरत आलेली. पाच गाद्या शिवून पाहिल्या. पहिल्या दोन गाद्या आठवड्यातच दबून बसल्या, म्हणून नंतरच्या तीन जास्त घट्ट भरल्या. एक माझ्याकडे आहे. त्या तिन्ही चार महिने टिकल्या आहेत.

हिशोब उघड मांडतो. नोंदणीकृत जीएनएम (नर्सिंगची पदविका घेतलेल्या) नर्सचं मानधन महिन्याला १२,००० रुपये, वर्षाचे १,४४,०००. शंभर उतरत्या गाद्यांची खोळ आणि शिलाई, दर गादीला ३५०, मिळून ३५,०००. मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये छापलेल्या हजार वह्या, १८,०००. वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र ९,०००. एकूण २,०६,००० रुपये. यंदा कार्यकर्त्यांनी एकमताने मिरवणुकीतली डॉल्बी रद्द केली, त्यातून आणि दानपेटीतून ६१,००० रुपये बाजूला काढले आहेत. उरलेले १,४५,००० आपल्याकडून हवे आहेत. पोरांनी डॉल्बी सोडली हे मला फार मोठं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पैसा हीच मदत आहे असं नाही. कारखानदारांनो, वाया गेलेलं सूत तुम्ही विकता ते आम्हाला ठाऊक आहे. दर महिन्याला एक पोतं मंडळाला द्या. पाळी बदलताना सिस्टरांना पंधरा मिनिटं कारखान्यात येऊ द्या. माग थांबवायला सांगत नाही, सुटलेल्या पाळीशी बोलतील, चढलेल्या पाळीचं पुढच्या आठवड्यात. आणि जमेल त्यांनी मधल्या सुट्टीत निवांत जेवायला अर्धा तास द्या, एवढी हात जोडून विनंती. निवृत्त सिस्टर, मेट्रन कुणी आपल्या भागात असतील तर त्यांचा अनुभव आम्हाला सोन्यासारखा आहे. महिन्यातून एक रविवार दिला तरी चालेल. कन्नड आणि हिंदी नीट लिहिता येणारी मुलं-मुली हवी आहेत. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या भावांना मराठी वही देऊन काय करणार? शिलाई मशीन घरी असलेल्या बहिणींनी चार खोळी शिवून दिल्या तरी शिलाईचा खर्च तेवढा वाचेल.

नर्स औषध बदलणार नाही, लिहूनही देणार नाही. ते डॉक्टरांचंच काम राहील. ती ऐकून घेईल, शिकवेल, वहीत लिहील, धोक्याचं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवेल आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावेल. जो येणार नाही त्याच्या खोलीवर जाऊन विचारेल. बसण्याच्या वेळा पाळ्या पाहून ठेवल्या आहेत : शनिवारी संध्याकाळी दवाखान्याबरोबर, आणि रविवारी सकाळी सात ते दहा, म्हणजे रात्रपाळी सुटलेल्यांना घरी जाण्याआधी येता येईल. कुणाकडूनही पैसे घेतले जाणार नाहीत, गादीचेही नाहीत.

देणगी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही कुणाच्या हातात देऊ नका, मग तो कार्यकर्ता कितीही ओळखीचा असो. बाहेरगावच्या मंडळींनी गल्लीतल्या आपल्या घरच्या माणसांमार्फत रक्कम पाठवावी. मंडळ नोंदणीकृत आहे, पण आयकराची 'ऐंशी-जी' सवलत आपल्याकडे नाही, हे आधीच सांगतो. जमा-खर्च दर महिन्याच्या एक तारखेला हॉलच्या बाहेरच्या फळ्यावर लिहिला जाईल. रुग्णांची नावं आणि आजार मात्र त्या फळ्यावर कधीही येणार नाहीत, वह्या कुलपात राहतील.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला सिस्टर बसायला लागतील, असं धरून आम्ही तयारीला लागलो आहोत. येताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेली असली तरी, सोबत आणावीत.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते आणि महिला मंडळाच्या भगिनी,
इचलकरंजी