ट्रान्सफॉर्म जर्नलात नको, पडद्यावर शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेत वेब डिझाइनचा क्लास घेते. बारावीला आयटी विषय घेऊन एचटीएमएल, सीएसएस (वेबपान बांधायच्या आणि सजवायच्या भाषा) शिकलेली मुलं माझ्याकडे येतात. जर्नलात व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या असतात, पण सीएसएसच्या ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये (चित्र फिरवणं, सरकवणं, लहान-मोठं करणं यासाठीची सूचना) ‘रोटेट’, म्हणजे फिरव, असं लिहिल्यावर पडद्यावर काय होतं, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरावाला मी सतारीचं पान देते. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि सतारमेकर गल्ली मुलांच्या पायाखालची. उभ्या सतारीचा फोटो, उजवीकडे किंमत. फोटोला रोटेट ९० डिग्री दिलं की सतार आडवी होते आणि खुंट्या थेट किमतीवर येतात. ‘मॅडम, किंमत बाजूला का सरकली नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. ब्राउझर आधी सगळ्यांच्या जागा ठरवतो आणि फोटो फिरवतो तो नंतर, चित्र काढताना. फोटोची मूळ जागा उभीच राहते. म्हणूनच एखादी गोष्ट हलती दाखवताना ‘लेफ्ट’ (डावीकडचं अंतर) बदलत बसण्यापेक्षा ट्रान्सफॉर्म वापरावा. दर वेळी जागांचा हिशेब नव्याने करावा लागत नाही, आणि स्वस्तातल्या मोबाइलवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. आधी ट्रान्सलेट (सरकव) २०० पिक्सेल आणि मग रोटेट ९० लिहिलं, तर सतार उजवीकडे सरकून तिथे आडवी होते. क्रम उलटा केला, तर ती खाली जाते! आधी अक्षच फिरले, त्यामुळे ‘उजवीकडे’ची दिशा खाली झाली. मॅट्रिक्सच्या (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांच्या) गुणाकारात एबी आणि बीए सारखे असतीलच असं नाही, हे याच मुलांनी गणितात घोकलेलं असतं. रोटेट, ट्रान्सलेट, स्केल (लहान-मोठं करणं), स्क्यू (तिरकं करणं) या सगळ्यांच्या मुळाशी तोच मॅट्रिक्स आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. (वहीत धन कोन घड्याळाच्या उलट फिरतो आणि पडद्यावर घड्याळाच्या दिशेने, कारण तिथे वाय-अक्ष खाली जातो. तेवढं आधी सांगायला हवं.)

माझी विनंती एवढीच. ज्युनिअर कॉलेजांत गणित आणि आयटीच्या शिक्षकांनी मिळून हा एक तास लॅबमध्ये घ्यावा. प्रॅक्टिकलला व्याख्येऐवजी दोन क्रम द्यावेत, चित्र कुठे जाईल हे मुलांकडून आधी कागदावर काढून घ्यावं आणि मगच संगणक सुरू करू द्यावा.

– एक संगणक शिक्षिका, मिरज (जि. सांगली)