निळूभाऊ फुले, तुमचे आभार

प्रिय निळूभाऊ,
सप्रेम नमस्कार.

१३ जुलै २००९ ला तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. तरी आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुमच्या आवाजाची नक्कल करणारे उदंड झाले. त्या आवाजामागचं काम मात्र फार कमी जण बघतात.

मी हौशी नट. वाट्याला येतात ते सावकार, पाटील, आमदार. पहिला सावकार मिळाला तेव्हा तालमीत सांगण्यात आलं, 'आवाज लाव, डोळे वटार.' मला ते पटेना आणि दुसरं काय करावं तेही सुचेना. त्या दिवसांत तुमचा 'सामना' हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि वाट सापडली.

हिंदुराव धोंडे पाटलानं अख्खा मुलूख मुठीत ठेवलाय, पण ते दाखवायला त्याला आरडाओरडा करावा लागत नाही. कुठून तरी आलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, त्याची सरबराई करतो. मग मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा विषय काढतो आणि काही केल्या सोडत नाही. इथे तुमच्या चेहऱ्यावर राग नंतर येतो, आधी येते ती अडचण. आजवर ज्याला कुणी जाब विचारला नाही, त्या माणसाची अडचण! समोर मास्तर म्हणून डॉ. श्रीराम लागूंसारखा नट उभा असताना तुम्ही आवाज खालीच ठेवलात. अर्धवट मिटलेले डोळे, घशातून खरवडून निघालेला शब्द, आणि तो शब्द येण्याआधीचा थांबा. त्या थांब्यात पाटील हिशेब करतोय हे प्रेक्षकाला कळतं. मी ती जागा मागे नेऊन नेऊन पाहिली. माझा सावकार तिथून उभा राहिला. प्रयोगात तो हळू बोलू लागला की पहिल्या रांगा पुढे सरसावून ऐकायच्या.

त्याआधी १९७२ मध्ये तुम्ही रंगमंचावर 'सखाराम बाइंडर' केलात. सेन्सॉर, कोर्ट, सगळं त्या नाटकानं सोसलं. सखाराम वाईट वागतो, पण वागतो ते लपवत नाही. हिंदुराव सगळंच लपवतो. लेखणी दोन्हीकडे विजय तेंडुलकरांची आणि नट एकच, पण माणसं दोन. चरित्र अभिनेता म्हणजे काय, हे मला या जोडीनं समजावलं.

आमच्या घरात तुमचं नाव निघालं की तुमच्या खलनायकी भूमिकांमुळे आत्या कडाकडा बोटं मोडायची. तिला मी तुमची दुसरी बाजू सांगितली. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं नावारूपाला आलेला आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'मधून पडद्यावर गेलेला माणूस. नाव झाल्यावरही चळवळीतून पाऊल मागे न घेतलेला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंसोबत तुम्ही 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केलेत. त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळायची सोय झाली. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'असं होय! मग वाईट माणूस इतका खरा कसा करतो?'

मला वाटतं, म्हणूनच. सत्तेला तुम्ही गावोगाव जवळून पाहिलं होतं, तिची भीड तुम्हाला नव्हती. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

एक आभार मात्र राखून ठेवतोय. 'सिंहासन' चित्रपटात तुम्ही केलेला पत्रकार दिगू टिपणीस. सगळ्यांचं ऐकणारा, सगळं पाहणारा आणि शेवटी त्या पाहण्यानंच वेडा होणारा. पाटलापेक्षा तो कितीतरी अवघड. सध्या त्याचाच अभ्यास चाललाय. तशी भूमिका मिळाली आणि निभावली, तर दुसरं पत्र लिहीन.

आपला,
एक हौशी नट