मनू, फोटोतली ती टेकडी

चि. मनू,

तुझा फोटो काल रात्री बघितला. मैत्रिणींबरोबर त्या मोठ्या मातकट टेकडीपुढे उभी आहेस आणि खाली लिहिलंयस "बाबा, पिक्चरमधली जागा!!" लगेच फोन करणार होतो पण तुझी आई म्हणाली झोपली असेल ती, म्हणून आत्ता सकाळचा चहा झाल्यावर टाईप करायला बसलोय. मोठं होणार आहे, सावकाश वाच.

ती टेकडी नाहीये गं. केजीएफच्या, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सच्या, सोन्याच्या खाणीतून काढलेला दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात त्यातलं सोनं विरघळवून काढून घ्यायचं आणि उरलेला चोथा बाहेर टाकायचा, तो चोथा शंभर-सव्वाशे वर्षं साठत गेला त्याचे हे डोंगर झालेत. तिथले लोक त्याला सायनाइड डंपच म्हणतात. सगळे डंप मिळून तीन कोटी टनांच्या वर माल पडलाय. वारा सुटला की ती बारीक पूड घराघरात शिरते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपांवर, सगळीकडे. केजीएफमध्ये जन्माला आलेलं प्रत्येक पोर ही धूळ श्वासात घेत मोठं झालंय. तू मस्त दिसतेयस फोटोत, पण तुझ्या पाठीमागे काय उभं आहे ते तुला माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटलं.

तुझं ऑफिस लॅव्हेल रोडजवळ आहे ना? तो लॅव्हेल म्हणजे मायकल फिट्झगेराल्ड लॅव्हेल, न्यूझीलंडच्या लढाईतून आलेला एक आयरिश सैनिक, रिटायर होऊन बंगळूरला राहिला होता. त्याच्या आधी 1802 साली लेफ्टनंट जॉन वॉरन नावाचा सर्व्हे करणारा अधिकारी या भागात आला होता, गावकऱ्यांनी त्याच्यासमोर माती धुवून सोन्याचे कण काढून दाखवले आणि त्याने ते लिहून ठेवलं. लॅव्हेलच्या वाचनात ते जवळजवळ 70 वर्षांनी आलं, मग त्याने 1873 ला म्हैसूर दरबाराकडे अर्ज केला आणि 1875 ला परवाना मिळवला. पैसा मात्र त्याच्याजवळ नव्हता, त्यामुळे हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि शेवटी 1880 पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने खरं काम सुरू केलं. सोनं इथे आहे हे गावच्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं, नाव मात्र रस्त्याला लॅव्हेलचं.

आता माझं सांगतो, तुला हे कधी नीट सांगितलंच नव्हतं. मी टीआयएफआरला, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टेक्निशियन होतो एवढं तुला माहीत आहे, पण 1987 ला, लग्नाआधी, मी सहा महिने केजीएफला होतो. कुलाब्याची आमची इन्स्टिट्यूट आणि सोन्याची खाण यांचा काय संबंध असं तू विचारशील. अगं आकाशातून कॉस्मिक किरण सतत येत असतात, जमिनीवर त्यांचा एवढा गोंगाट असतो की त्यात एखादा नाजूक कण शोधणं अशक्यच, पण वर दोन किलोमीटर दगड असला की तो गाळणीचं काम करतो. 1960 च्या सुमारास आमच्या लोकांनी खाणीत पावणेतीन किलोमीटर खाली यंत्रं लावली, दोन महिने थांबले आणि एकही कण नोंदला गेला नाही! पार शांत. तेव्हा लक्षात आलं की न्यूट्रिनो, म्हणजे दगडातूनही आरपार जाणारा अगदी सूक्ष्म कण, पकडायला याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि 1965 ला टीआयएफआर, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम यांच्या टीमला वातावरणातल्या न्यूट्रिनोची खूण तिथे मिळाली. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. मी गेलो तेव्हा प्रोटॉन (अणूच्या गाभ्यातला कण) कधी फुटतो का ते बघायचं काम चालू होतं, 1980 ला बसवलेल्या पहिल्या यंत्रातच 140 टन लोखंड आणि 1600 च्या आसपास नळ्या होत्या, नंतर त्याहून मोठं यंत्र बसवलं. प्रोटॉन फुटल्याचा पक्का पुरावा काही मिळाला नाही, तो अजून जगात कोणालाच मिळालेला नाही.

पण मनू, मला त्या यंत्रापेक्षा केज जास्त आठवते. केज म्हणजे खाणीची लिफ्ट, लोखंडी पिंजराच. पहाटेच्या पाळीला कामगारांबरोबर आम्ही पण त्यात चिकटून उभे राहायचो, दार लागलं की एकदम अंधार, कानात दडे बसायचे, आणि जसजसं खाली जाऊ तसतसं गरम व्हायला लागायचं. चॅम्पियन रीफ खाण तर तीन किलोमीटरच्याही खाली गेलेली, तिथे दगडच साठ डिग्रीच्या वर तापलेला असायचा. आम्ही आमच्या लेव्हलला उतरून जायचो आणि ही माणसं अजून खाली जायची. बहुतेक तमिळ बोलणारी, उत्तर अर्काट, सेलम भागातून यांचे आजे-पणजे आलेले, बरेच दलित, काही चित्तूरकडचे तेलुगू. मध्येच कुठेतरी खोल धप्प असा आवाज व्हायचा, रॉक बर्स्ट, म्हणजे दाबाने दगडच फुटायचा, वर गावात भांडी वाजायची आणि बायका दारात येऊन उभ्या राहायच्या की आज कोणाकडे निरोप येतो. सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराने, छाती गेलेले म्हातारे तर गल्लोगल्ली.

आणि मी? मी सुटीच्या दिवशी बंगल्यांच्या बाजूला फिरायचो. इंग्रजांनी त्या भागाला लिटिल इंग्लंड म्हणायचं इतकं ते सुंदर केलं होतं, क्लब, गोल्फ, थंड हवा. 1902 ला कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून जवळपास 150 किलोमीटर तार टाकून या खाणींना वीज आणली होती, बंगळूर शहराला दिवे मिळाले ते 1905 ला, म्हणजे नंतर! हे सगळं मी तेव्हा आजोबांना पत्रात अगदी कौतुकाने लिहिलं होतं. कामगारांच्या लाइनींकडे, त्या एका खोलीच्या घरांकडे मी सहा महिन्यांत एकदाही गेलो नाही. बेझवाडा विल्सन माहीत आहेत ना तुला, हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध लढणारे, 2016 ला मॅगसेसे मिळालं ते. ते केजीएफचेच. त्यांच्या घरचे लोक तिथले डबा संडास साफ करायचे. म्हणजे ज्या गावाला बंगळूरच्याही आधी वीज आली त्याच गावात माणसं डोक्यावरून मैला वाहत होती, मी तिथे होतो तेव्हासुद्धा, आणि मला ते दिसलं नाही कारण मी त्या बाजूला पाऊलच टाकलं नाही. हे कळलं ते कितीतरी वर्षांनी, पेपरात वाचून. अजून त्रास होतो मला त्याचा.

पुढचं थोडक्यात. 1956 ला सरकारने खाणी घेतल्या, 1972 ला भारत गोल्ड माइन्स कंपनी झाली, शेवटी शेवटी टनभर दगडामागे तीनेक ग्रॅम सोनं निघायचं, खर्च भागेना, आणि 28 फेब्रुवारी 2001 ला काम थांबलं. एकूण 800 टनांच्या आसपास सोनं निघालं त्या जमिनीतून. खाणीत पाणी भरलं. आता गावातली तरुण पोरं पहाटेच्या गाडीने तुमच्या बंगळूरला येतात, कामं करतात, रात्री परत. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर, रोज. तुझ्या ऑफिसच्या गेटवर, हाउसकीपिंगला, कदाचित तुझ्या टीममध्येही कोणी केजीएफचं असेल, एकदा विचारून बघ, त्याच्या घरची गोष्ट ऐक.

आणि पुन्हा जाशील तेव्हा कॅब करू नकोस. बंगारपेटहून ट्रेन घे, कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी छोटी छोटी स्टेशनं लागतात, 1894 ची लाइन आहे ती. चॅम्पियनला उतर आणि आधी लाइनींकडे चालत जा, कोणी आजोबा ओट्यावर बसले असतील तर बस त्यांच्याजवळ. तमिळ येणारी तुझी ती रूममेट बरोबर ने. डंपवर चढू नका, तोंडाला रुमाल बांधा.

मग हीथकोट शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, कुठे ते कोणालाही विचार, आम्ही तिथूनच खाली उतरायचो. वरचा लोखंडी मनोरा अजून उभा असला तर मला व्हिडिओ कॉल कर, रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
बाबा