बाबा, तुमचा हाफ शाफ्ट आमच्या रोबोटला

कर्वेनगर, पुणे
रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या मनानं सांगते. त्यामुळे परवा मी म्हटलं "चाक निखळलं", आणि कराडात त्याचं "पोरीच्या स्कूटरचं चाक निखळलं" झालं. रात्रभर जागलात म्हणे दोघं. माझी स्कूटर धड आहे, मीही धड आहे. निखळलं ते आमच्या झुंजीच्या रोबोटचं चाक. एकदा सगळं नीट सांगावं म्हणून हे पत्र. शिवाय बाबांना एक गोष्ट विचारायची आहे आणि ती चित्राशिवाय विचारता येणार नाही. चित्र सोबतच्या वहीच्या कागदावर आहे.

आई, आधी तुझा प्रश्न. "मोडायचंच आहे तर करायचं कशाला?" याचं तुला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा खेळ मुळात घर झाडायच्या नादातून निघालाय, हे ऐकून तुला बरं वाटेल. अमेरिकेत मार्क थॉर्प नावाच्या गृहस्थानं १९९२ च्या सुमारास रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायचा घाट घातला होता. तो जमला नाही, पण त्यातून यंत्रांची झुंज लावायची कल्पना निघाली आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिली 'रोबोट वॉर्स' झाली. झाडू मारायचा राहिला तो राहिलाच.

पवईच्या आयआयटीत टेकफेस्टला जे साठ साठ किलोचे धूड एकमेकांवर आदळतात, ते टीव्हीवर बघून तू धसका घेतलायस. आमचा तसला नाही. आमच्या वर्गाला बीटलवेट म्हणतात. मर्यादा तीन पौंडांची, म्हणजे १३६१ ग्रॅम. तुझ्या डब्यातल्या लाडवांसकट तोललास तरी दोन किलोच्या वर जायचा नाही. ऑफिसातला एक मुलगा जर्मनीला गेला आणि जाताना त्याचा हा रोबोट खोक्यासकट माझ्या आणि माझ्या रूममेटच्या गळ्यात मारून गेला. त्याला फिरतं पातं वगैरे काही नाही. पुढे उतरती पोलादी पट्टी, तिला वेज म्हणतात. समोरच्याच्या पोटाखाली घुसायचं, त्याला उचलायचं आणि भिंतीपर्यंत ढकलत न्यायचं. खेळ इतकाच.

नवीन माणसं सगळा पैसा शस्त्रावर घालतात आणि चाकांना मिळेल ती मोटर लावतात, हे मला मुळीच पटत नाही. सामना तीन मिनिटांचा. शस्त्र बंद पडलं तरी ढकलत राहता येतं. पण चाक गेलं की रोबोट जागच्या जागी गरगरतो, मग पंच दहापर्यंत मोजतात आणि खेळ खल्लास. आमच्याकडे तर शस्त्रच नाही, म्हणजे जे काही आहे ते चाकांतच.

आता बाबा, तुमच्यासाठी सविस्तर. मागच्या सामन्यात समोर आडवं पातं फिरवणारा रोबोट होता. त्याचा एक फटका आमच्या उजव्या चाकाला बाजूनं बसला. चाक जागेवर राहिलं, पण मोटर नुसतीच घूं घूं करत फिरायला लागली. दुसऱ्या फटक्याला चाक शाफ्टवरून निघून थेट जाळीवर गेलं. घरी आणून गिअरबॉक्स उघडला. मोटर पंचवीस मिलिमीटर व्यासाची, शाफ्ट चार मिलिमीटरचा, एका बाजूनं चपटा केलेला. आत साध्या सरळ दातांच्या गिअरची उतरंड. शेवटच्या जोडीतल्या लहान गिअरचे ओळीनं तीन दात मुळापासून गेलेले, आणि ग्रीस काळं, मशेरीसारखं खरखरीत. चिमटीत धरून चोळलं तर बोटाला धातूचा कीस लागत होता. शाफ्ट काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोळवला. प्रत्येक फेऱ्याला एकदा त्याच्या पोटाखालून उजेड दिसायचा. वाकलेला होता. चाक शाफ्टला आवळणाऱ्या बारक्या ग्रब स्क्रूनं चपट्या बाजूवर चर पाडला होता तो वेगळाच.

मोटर बदलून टाकली असती तर पंधरा मिनिटांचं काम होतं, पण पुढच्या फटक्याला पुन्हा तेच झालं असतं. दोष मोटरचा नाहीच. जुन्या मांडणीत चाक सरळ गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टांगलेलं आहे. चाक फिरवायचं त्या शाफ्टनं, रोबोटचं वजन पेलायचं त्यानंच, आणि बाजूचा मारही खायचा त्यानंच. चार मिलिमीटरच्या काडीनं किती करायचं! शाफ्ट जरा वाकला की आतले गिअर तिरके बसतात, दाताच्या पूर्ण रुंदीऐवजी टोकावरच जोर येतो, मग दात जातो.

हे कागदावर मांडत होते तेव्हा तुमचा एसटीचा मागचा एक्सल आठवला. फुल फ्लोटिंग. गाडीचं वजन बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर, हब दोन बेअरिंगवर फिरतो, आणि हाफ शाफ्टला काम एकच, पीळ पोचवणं. म्हणूनच हबवरचे नट काढले की चाकाला हात न लावता हाफ शाफ्ट ओढून बाहेर घेता येतो आणि बस आपल्या चाकांवर उभीच्या उभी राहते. लहान असताना डेपोत मला वाटायचं, बाबा बसचं हाड काढतात आणि बसला पत्ताही नसतो.

तर तेच करतेय. चाकाला स्वतःचा, न फिरणारा एक्सल. सहा मिलिमीटरचा हाय टेन्साइल बोल्ट, दोन्ही टोकांना बॉडीत पकडलेला, आणि चाक त्याच्या बिनआट्यांच्या गुळगुळीत भागावर बुशवर, म्हणजे चाकात बसवलेल्या आखूड नळीवर फिरणार. मोटर आत सरकवली आहे. तिच्यापासून चाकापर्यंत दातेरी टायमिंग बेल्ट. फटका चाकाला बसला की तो बोल्टमधून बॉडीत जाईल, मोटरपर्यंत पोचेल तो फक्त बेल्टचा ताण. फारच ओढाताण झाली तर बेल्ट एखाददुसरा दात सोडेल आणि पुन्हा पकडेल. गिअरचा दात मात्र गेला तो गेला. चाकाच्या बाहेरूनही एक भिंत येते, त्यामुळे बोल्टला दोन आधार मिळतात आणि पातं आधी भिंतीला लागतं.

भिंतींसाठी पांढरा चॉपिंग बोर्ड कापलाय. हसू नका, या खेळात हे नेहमीचं आहे. एचडीपीई प्लास्टिक हलकं असतं, फटक्यानं तडकत नाही, नुसता ओरखडा निघतो, आणि साध्या करवतीनं कापता येतं. आई, तू दिलेला बोर्ड जागेवर आहे. हा तुळशीबागेतून नवा आणला.

नव्या मोटरही घेतल्या, बावीस मिलिमीटरच्या, प्लॅनेटरी गिअरच्या. मधल्या सूर्य-गिअरभोवती तीन गिअर फिरतात, त्यामुळे भार एका दातावर न येता वाटला जातो. मिनिटाला १००० फेरे. मोटरच्या पुलीला सोळा दात, चाकाच्या पुलीला चोवीस, म्हणजे चाकाला ६६७ फेरे. चाक ६५ मिलिमीटरचं, घेर साधारण २०४ मिलिमीटर. हिशेब केला तर सेकंदाला सव्वादोन मीटर येतात. रिंगण आठ फुटी, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सेकंदभरात. भार आल्यावर वेग उतरणारच. पण याहून जास्त वेग मला नकोच, कारण मग माझा हातच मागे पडतो.

जोराचा हिशेब तुम्हाला आवडेल. वजन १.३६ किलो, चाकं दोन, प्रत्येकावर ०.६८ किलो. टायरची पकड फार तर वजनाइतकी धरली, तर त्याहून जास्त ओढ चाक घेऊच शकत नाही, घसरतं. त्रिज्या सव्वातीन सेंटिमीटर, म्हणजे चाकाशी सुमारे २.२ किलो-सेंटिमीटर. बेल्टमुळे दीडपट मिळतं, म्हणून मोटरकडून दीड पुरे. पुढची पट्टीही थोडं वजन घेते, त्यामुळे खरी गरज याहून कमीच. मोटर याच्या दुपटीहून जास्त जोराची घेतली आहे, मुद्दाम. समोरच्याला भिंतीशी रेटताना आधी चाक घसरलं पाहिजे, मोटर अडकून थांबता कामा नये. थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि मग तिचं वाइंडिंग तरी जळतं नाही तर ईएससी तरी. ईएससी म्हणजे रिसीव्हरच्या, रिमोटचा संदेश झेलणाऱ्या डबीच्या, सांगण्याप्रमाणे मोटरला करंट सोडणारी पट्टी. ती महाग असते.

आता अडलंय ते बुशपाशी. धायरीत एक लेथवाले काका आहेत, लहान कामालाही नाही म्हणत नाहीत. ते म्हणतात, गनमेटलचा बुश करू, ०.०५ मिलिमीटर ढिलाई ठेवू. रूममेटचं म्हणणं, आयतं ६८६ नंबरचं बॉल बेअरिंग घाल, सहा बाय तेरा बाय पाच, चाक अलगद फिरेल. मला बेअरिंगची भीती वाटते. एवढ्याशा गोळ्या, आणि आडवा फटका बसला तर त्या ज्या कड्यात फिरतात त्या रेसमध्ये खड्डे पडणार. तुम्ही डेपोत फटका बसलेल्या हबची बेअरिंग हातानं फिरवून बघायचात आणि खडखड लागली की टाकून द्यायचात, तेच डोळ्यांसमोर येतंय. बुश जड फिरेल पण मोडणार नाही असा माझा अंदाज. नायलॉनचा केला तर वजन वाचेल, पण तापून धरेल का? चित्रात मी तिन्ही मापं दिली आहेत. बोल्ट आणि बुश यांच्यात ग्रीस भरायला चर ठेवू का, तेही सांगा. वजनाची चणचण आहे. आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर १३३८ ग्रॅम भरतंय, आणि टायर अजून लागायचे आहेत. टायर फोमचे घेणार, हलके असतात आणि लचका तुटला तरी चालत राहतात.

किरकोळ कामं होत आली. मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेले छोटे सिरॅमिक कपॅसिटर बसवले, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास रिसीव्हरला होणार नाही. ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मूठभर मिळाले, दुकानदारानं सुटे पैसे नाहीत म्हणून दोन एलईडीही वर दिले. धातूच्या स्क्रूंना ते ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट लावलंय. लाल लावलं की उघडताना तापवावं लागतं, आणि हे आम्हाला वरचेवर उघडायचंय.

आई, बॅटरीचं तू विचारलंस. लिथियम पॉलिमर आहे, तीन सेलची, आणि तिला जपावं लागतं हे खरं आहे. चार्जिंग जळू न शकणाऱ्या पिशवीत, आम्ही समोर बसलेलो असतानाच, पलंगाजवळ कधीच नाही. खेळ संपला की प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवते. रिंगणात उतरायच्या आधी तिथली मंडळीही तपासतात. रिमोट बंद केला की चाकं आपोआप थांबली पाहिजेत, नाही थांबली तर रोबोट बाहेर. मला ही अट फार आवडते.

सामने पुढच्या महिन्यात आहेत. दिवाळीला येताना रोबोट घेऊन येईन. अंगणात चालवून दाखवीन, पण बाबा, कुत्र्याच्या मागे सोडायचा नाही, आधीच सांगते.

तुमचा भोक नेमक्या मापाचं करायचा सहा मिलिमीटरचा रीमर माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असेल. मला तो हवाय, पण माळ्यावर तुम्ही चढू नका. शेजारच्या पोराला चढवा. आई, गॅसचा सिलिंडरही त्यांना उचलू देऊ नकोस, आणि गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून पाठवते.

बुशचं उत्तर फोनवर नको, पुन्हा काहीतरी भलतंच ऐकू येईल. चित्रावरच लाल पेननं खुणा करा आणि आईला मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. कागद सपाट धरा. गुरुवारी संध्याकाळी मी धायरीला जाणार आहे, त्याच्या आत मिळालं तर बरं.

तुमची,
छकू