ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र : लेखापरीक्षण अहवाल ग्रामसभेत वाचला जाऊ द्या

माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवा कायदा करा, नवी समिती नेमा, असलं काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आहे त्याच कायद्यातलं एक कलम पाळलं जावं, एवढीच विनंती आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ नुसार आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वर्षाची पहिली ग्रामसभा घ्यायची असते. तिच्यापुढे वार्षिक हिशेब, गेल्या वर्षीचा प्रशासन अहवाल आणि पुढच्या कामांचा आराखडा ठेवायचा असतो. त्यांच्याच बरोबर शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी, म्हणजेच लेखापरीक्षकाचा अहवाल, आणि तिला दिलेली उत्तरंही ठेवायची असतात. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. गेल्या मे महिन्यात त्यातल्या किती ठिकाणी ही टिप्पणी खरोखर वाचली गेली, हे आपण गटविकास अधिकाऱ्यांना एकदा विचारावं. इतिवृत्त मागवू नका, इतिवृत्तात ती वाचलेलीच असते.

माझी सारी नोकरी ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात गेली, म्हणून हे अधिकारानं लिहितो आहे. दप्तर पुढ्यात आलं की बऱ्याच गोष्टी पहिल्या दिवशीच कळतात. रोकडवहीची तीन-तीन महिन्यांची पानं एकाच बैठकीत लिहिलेली असतात. एप्रिलची शाई आणि जूनची शाई एकच, अक्षराचा कलही तोच. तीन दुकानांची तीन दरपत्रकं जोडलेली असतात आणि तिन्हींत 'एलईडी बल्प' ही एकच चूक असते. नमुना १० च्या, म्हणजे करवसुलीच्या, पावत्यांवर घरपट्टी मार्चमध्ये वसूल झालेली दिसते, बँकेत भरणा जूनमध्ये. मधल्या काळात ती रक्कम 'हातची शिल्लक' म्हणून वहीत असते, पण ती नेमकी कोणाच्या हातात होती, हे वही सांगत नाही.

मग अर्धसमास, म्हणजे आक्षेपांचा कागद, काढायचा. कागद मधोमध दुमडून डाव्या अर्ध्या भागात आक्षेप लिहितात, उजव्या बाजूला ग्रामपंचायतीनं खुलासा द्यायचा. त्या उजव्या बाजूला वर्षानुवर्षं एकाच अर्थाचं वाक्य येतं: पूर्तता करून पुढील लेखापरीक्षणास दाखवण्यात येईल. पुढील लेखापरीक्षण येतं तेव्हा ग्रामसेवकाची बदली झालेली असते आणि नव्या माणसाला सोपवलेल्या दप्तराच्या चार्ज यादीत ते प्रमाणकच (खर्चाचं व्हाउचर) नसतं. (आता ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम बदललं, दप्तर हस्तांतरणाचं दुखणं होतं तिथंच आहे.) मग आक्षेप एका अहवालातून दुसऱ्यात जातो. आक्षेपांच्या पूर्ततेसाठी ग्रामपंचायतींच्या लेखा संहितेनं (हिशेबाच्या नियमांनी) २०११ मध्ये मासिक विवरण आणि नोंदवही असे दोन स्वतंत्र नमुने घालून दिले आहेत. मी पाहिलेल्या या नोंदवह्या बहुतेक कोऱ्या होत्या.

यावर नेहमीचं उत्तर असतं: लेखापरीक्षक वाढवा. वाढवावेतच, पण तेवढ्यानं भागणार नाही. आम्ही कागद तपासतो. मोजमाप पुस्तिकेत गटार साठ मीटर लिहिलेलं असेल, अभियंत्याची सही असेल, बिल पारित झालेलं असेल, तर कागदोपत्री ते गटार साठ मीटरचंच. ते चाळीस मीटरवर कोणाच्या दारात संपलं, हे फक्त त्या आळीतल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला गटार दिसतं पण पुस्तिका कधी दिसत नाही, आणि आम्हाला पुस्तिका दिसते पण गटार दिसत नाही. या दोघांची गाठ पडावी म्हणून कायद्यानं एक जागा ठेवली आहे, ती ग्रामसभा. तिथं अहवाल पोचला नाही तर सगळी तपासणी अर्धीच राहते.

मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची कॅगनं, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, विशेष तपासणी केली. तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. निविदा न काढता दिलेली कामं, करारनामा न करता दिलेली कंत्राटं, सगळं उघड झालं आणि त्यावर बरंच राजकारणही झालं. होऊ द्या, निदान लोकांना कळलं तरी. दोन लाखांच्या गटारासाठी अधिवेशन भरत नाही. त्याचं विधिमंडळ म्हणजे समाजमंदिरातली ती सतरंजीच.

आता सगळं ऑनलाइन आहे, असं आपले अधिकारी सांगतील. आहे खरं. पंचायतींच्या हिशेबाचं ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं, पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट पैसे जातात, त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. त्या सह्यांचे दोन्ही डोंगल अनेक गावांत एकाच खणात असतात आणि खणाची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. पंधराव्या वित्त आयोगानं अनुदानासाठी हिशेब आणि लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असण्याची अट घातली, तेव्हा लेखापरीक्षण उरकण्याची एकच धावपळ झाली. कारण अट अहवाल असण्याची होती. अहवालात काय लिहिलंय, याच्याशी अनुदानाचा संबंध नव्हता.

एक धोका मला दिसतो, तो लपवत नाही. सगळेच आक्षेप अपहाराचे नसतात. प्रमाणकावर सही राहिली, ठेकेदाराच्या बिलातून वाळू-खडीची रॉयल्टी कापायची राहिली, साठा नोंदवहीत बल्बांची नोंद नाही, असे कितीतरी आक्षेप निव्वळ कार्यपद्धतीचे असतात. ते सरसकट वाचून दाखवले तर विरोधी पॅनेलच्या हाती कोलीतच मिळेल आणि सरळ माणूस नाहक बदनाम होईल. म्हणून अहवालासोबत एक पान असावं, साध्या मराठीत: कामाचं नाव, खर्च, आक्षेप काय, रक्कम वसूलपात्र आहे की नुसती आक्षेपाधीन (खुलासा येईपर्यंत अडकलेली), आणि जबाबदारी कोणाची. वसूलपात्र रकमा वर, बाकीच्या खाली. ते पान लेखापरीक्षकानंच लिहावं. ग्रामपंचायतीवर सोडलं तर वसूलपात्र रक्कम खालच्या ओळीत जाईल, हे अनुभवानं सांगतो.

यात महिला सरपंचांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. निम्मी सरपंचपदं स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनेक ठिकाणी कारभार नवऱ्यानं किंवा दिरानं रेटलेला असतो, पण वसुलीची नोटीस येते ती हिच्या नावानं. शेतावरून घरी आल्यावर कागद हातात पडतो आणि तेव्हा तिला कळतं की आपण कशाकशावर सह्या केल्या होत्या. अहवाल दरवर्षी मे महिन्यात चारचौघांत वाचला गेला, तर पहिल्याच वर्षी ती विचारील, 'हे काय आहे?' पाच वर्षांनी विचारून तिच्या हातात काही उरत नाही.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते १५ टक्के मतदारांची किंवा शंभर जणांची, यातली कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. नको ते विषय कधी मंजूर होतात, हे आपल्यासारख्या मुरलेल्या लोकप्रतिनिधीला मी सांगायला नको. म्हणून लेखापरीक्षणाचा विषय तहकूब सभेत घेऊ नये. ज्या सभेत माणसं आहेत त्याच सभेत घ्यावा, मग ती मेऐवजी १५ ऑगस्टची असली तरी चालेल.

एवढ्यासाठी विधानसभेत विधेयक आणावं लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल. ते पान सभेच्या सात दिवस आधी फलकावर लागावं, वाचन चालू असतानाचं चित्रीकरण पंचायत समितीत जमा व्हावं आणि ज्या गावात वाचन झालं नाही, तिथल्या गटविकास अधिकाऱ्याला आपल्या कार्यालयातून फोन जावा. सुरुवात आपल्याच मतदारसंघातल्या ग्रामपंचायतींपासून केली तर फारच उत्तम.

कळावे,
एक निवृत्त लेखापरीक्षक