'सर्वानुमते'मागची चुप्पी

महोदय,

आमच्या गावच्या ग्रामसभेत ठरावाला विरोध नोंदल्याचं मला आठवत नाही. सरपंच आधी बोलतात, ग्रामसेवक मान डोलावतात आणि वहीत 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं जातं. पाण्याची टाकी सखल जागी बांधायचं ठरलं, तेव्हा वरच्या मोहल्ल्यात पाणी चढणार नाही, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सभेत मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. आता त्या मोहल्ल्यातल्या बाया उन्हाळ्यात घागरी घेऊन खाली उतरतात.

हे फक्त खेड्यातच होतं असं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेने घडवून आणलेली क्युबावरची स्वारी फसली; ती ठरत असताना अध्यक्ष केनेडींभोवतीचे बरेच जाणकारही गप्पच राहिले होते. पुढच्या वर्षी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला, तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. लोकांनी मोकळं बोलावं म्हणून.

आपल्याला इतक्या लांब जायचं कारण नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) इथे अभ्यासगट विषय घोळवतात आणि निर्णय ग्रामसभा एकमतानेच घेते. ते एकमत चर्चेतून येतं. आमच्याकडे ते सभेआधीच तयार असतं.

निदान सरपंचांनी शेवटी बोलावं, आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं इतिवृत्तात शब्दशः लिहावं. महिला सभेत बाया बोलतात, तेही मुख्य सभेत वाचून दाखवावं. २ ऑक्टोबरच्या सभेत टाकीचा विषय मी काढणार आहे. सोबत उभं राहायला अजून कुणी तयार नाही.

— एक ग्रामस्थ, जि. यवतमाळ